जुन्या मर्सिडीजला मोठी चाके : मापे जुळली तरच शोभा

पुणे, प्रतिनिधी

जुनी पण ऐटबाज गाडी जपणाऱ्यांच्या मनात कधी ना कधी एक इच्छा डोकावते. इंजिन ठणठणीत आहे, रंगही पुन्हा चढवला आहे, आता चाके तेवढी जरा मोठी हवीत. मूळची पंधरा इंची चाके आजच्या सतरा-अठरा इंची चाकांपुढे किरकोळ भासतात. मग शोध सुरू होतो आणि बहुतेक वेळा तो एकाच प्रश्नावर थांबतो : 'पाच बोल्टची आहेत ना? मग बसतील.' नेमकी येथेच चूक होते. बोल्ट जुळणे ही केवळ पहिली पायरी आहे. त्यानंतरची चार-पाच मापे जुळली नाहीत, तर चाक मडगार्डला घासते, सुकाणू थरथरते आणि प्रसंगी बोल्ट सैल होऊन जिवावर बेतते.

हे गणित समजून घेण्यासाठी 'मर्सिडीज-बेंझ'ची 'डब्ल्यू १२४' ही सेदान उत्तम उदाहरण आहे. महाराष्ट्राचा तिच्याशी थेट संबंधही आहे.

पुण्यात जुळलेली गाडी

'डब्ल्यू १२४' मालिका १९८४ च्या अखेरीस युरोपात सादर झाली. ब्रुनो साको हे त्या वेळी कंपनीच्या डिझाइन विभागाचे प्रमुख होते. साधी, सरळ रेषांची आणि वाऱ्याला कमीत कमी विरोध करणारी ही गाडी टिकाऊपणासाठी जगभर नावाजली गेली. जर्मनी आणि अन्यत्र मिळून या मालिकेच्या पंचवीस लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. भारतात १९९४ मध्ये मर्सिडीजची कंपनी स्थापन झाली आणि १९९५ पासून तेव्हाच्या 'टेल्को'च्या पिंपरी येथील आवारात याच मालिकेच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. पेट्रोलवरील 'ई २२०' आणि डिझेलवरील 'ई २५०' ही नावे त्या काळच्या उद्योजक-डॉक्टरांच्या घरांत प्रतिष्ठेची मानली जात. यातील अनेक गाड्या आजही मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर दिसतात. त्यांचे वय मात्र आता पंचवीस वर्षांच्या पुढे गेले आहे.

या गाडीच्या सर्वसाधारण मॉडेलना साडेसहा इंच रुंद आणि पंधरा इंच व्यासाची रिम आणि १९५/६५ आर १५ मापाचा टायर असे. पंधरा गोल छिद्रांच्या तिच्या सपाट अलॉय चाकांना जर्मन शौकीन गमतीने 'गटाराचे झाकण' म्हणतात. तुलना याच मूळ मापाशी करायची आहे.

टायरवरील आकडे काय सांगतात?

१९५/६५ आर १५ ९१ व्ही. यातील १९५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी. ६५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, अर्थात सुमारे १२७ मिलिमीटर. 'आर' म्हणजे रेडियल बांधणी आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास. ९१ हा भारनिर्देशांक असून त्याचा अर्थ प्रत्येक टायर ६१५ किलो भार पेलू शकतो. 'व्ही' हे अक्षर ताशी २४० किलोमीटर वेगमर्यादा दाखवते. 'एच' असल्यास ती २१० किलोमीटर असते.

रिम मोठी करायची, पण टायरसह संपूर्ण चाकाचा व्यास होता तेवढाच ठेवायचा, हे पहिले सूत्र. रिम जेवढी वाढेल, तेवढी रबराची भिंत कमी व्हायला हवी. मूळ चाकाचा टायरसह व्यास सुमारे ६३४ मिलिमीटर भरतो. त्याच्याशी तुलना केल्यास चित्र असे दिसते :

२०५/५५ आर १६ : व्यास सुमारे ६३२ मि.मी. फरक अर्ध्या टक्क्याहून कमी. भिंतीची उंची ११३ मि.मी.

२१५/५५ आर १६ : व्यास सुमारे ६४३ मि.मी. वाढ सव्वा टक्क्याच्या आसपास. भिंत ११८ मि.मी.

२२५/५५ आर १६ : व्यास सुमारे ६५४ मि.मी. वाढ तीन टक्के. भिंत १२४ मि.मी.

२२५/४५ आर १७ : व्यास ६३४ मि.मी. फरक जवळजवळ शून्य. भिंत १०१ मि.मी.

२२५/४० आर १८ : व्यास सुमारे ६३७ मि.मी. वाढ अर्ध्या टक्क्याहून कमी. भिंत ९० मि.मी.

व्यास तीन टक्क्यांनी वाढला, तर गाडी प्रत्यक्षात शंभरच्या वेगाने धावत असताना स्पीडोमीटरचा काटा मूळ हिशेबापेक्षा तीनने मागे राहतो. ओडोमीटरचा हिशेबही त्याच प्रमाणात चुकतो आणि इंजिनावरील ताण वाढतो. म्हणून फरक दोन टक्क्यांच्या आत ठेवणे श्रेयस्कर. व्यासाच्या दृष्टीने २०५/५५ आर १६ आणि २२५/४५ आर १७ ही दोन मापे या गाडीला चपखल बसतात. तथापि, भारनिर्देशांक ९१ पेक्षा कमी नसावा, ही अट दोन्हींना लागू आहे.

पहिली कसोटी : बोल्टचे वर्तुळ

चाकाच्या पाच बोल्टांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाच्या व्यासाला बाजारात 'पीसीडी' म्हणतात. 'डब्ल्यू १२४'चा पीसीडी ११२ मिलिमीटर आहे. सुदैवाने मर्सिडीजने हेच माप पुढील अनेक पिढ्यांत कायम ठेवले. ऑडीच्या अनेक गाड्या, तसेच स्कोडाच्या 'लॉरा' आणि 'सुपर्ब' यांचा पीसीडीही ११२ आहे. बीएमडब्ल्यूच्या त्या काळातील सेदानचा मात्र १२० आहे. तेथे प्रयत्नही करू नये.

दुसरी कसोटी : मधले छिद्र

चाकाच्या मध्यभागी असलेले छिद्र हबच्या गोल उंचवट्यावर अचूक बसले पाहिजे. चाक बरोबर मध्यावर राहते ते या छिद्रामुळे. मर्सिडीजसाठी हे माप ६६.६ मिलिमीटर आहे. 'लॉरा'चे चाक पीसीडी जुळूनही बसत नाही, कारण त्याचे छिद्र ५७.१ मिलिमीटरचे आहे. अशी चाके लेथवर घालून छिद्र मोठे करून देणारे कारागीर भेटतात. परंतु कापकाम केसभर तिरके झाले, तर चाक कायमचे डगमगते.

याउलट, अनेक चाकांना सामायिक म्हणून ७३ मिलिमीटरच्या आसपासचे मोठे छिद्र दिलेले असते. ती चाके चालतात, मात्र मधली पोकळी भरून काढणारी ६६.६ मिलिमीटरची कडी बसवावी लागते. ही कडी गाळली, तर ऐंशी-नव्वदच्या वेगाला सुकाणू थरथरू लागते आणि मालक बिचारा पुन्हा पुन्हा बॅलन्सिंग करून घेत राहतो.

तिसरी कसोटी : बोल्ट

जपानी किंवा मारुतीच्या गाड्यांत हबमधून स्टड बाहेर आलेले असतात आणि त्यांवर नट आवळतात. मर्सिडीजमध्ये तसे नसते. तेथे चाकातून बोल्ट घालून तो हबमध्ये आवळला जातो. 'डब्ल्यू १२४'चा बोल्ट १२ मिलिमीटर जाडीचा आणि दीड मिलिमीटर आट्याचा आहे. त्याच्या डोक्याखालची बैठक चेंडूसारखी गोल असते. बाजारातील अनेक अलॉय चाकांना मात्र शंकूच्या आकाराची बैठक असते. गोल बोल्ट शंकूच्या खाचेत घातला, तर तो वरकरणी घट्ट वाटतो. पण त्याचा स्पर्श केवळ एका बारीक रेषेवर असतो. असे बोल्ट धावत्या गाडीत सैल होतात.

नंतरच्या पिढ्यांतील मर्सिडीजना १४ मिलिमीटर जाडीचे बोल्ट आहेत आणि त्यांच्या चाकांतील खाचाही मोठ्या गोलाईच्या असतात. त्यांची चाके घेतल्यास १२ मिलिमीटरचा आटा, पण मोठ्या गोलाईची बैठक असलेले खास बोल्ट शोधावे लागतात.

लांबीही महत्त्वाची आहे. अलॉय चाकांना लांब बोल्ट लागतात, लोखंडी चाकांना आखूड. या गाडीचा हँडब्रेक मागच्या डिस्कच्या आत, ड्रमसारख्या पोकळीत बसवलेला आहे. स्टेपनी लोखंडी असेल आणि ती बसवताना अलॉयचे लांब बोल्ट वापरले, तर ते आत जाऊन हँडब्रेकच्या भागांना इजा करू शकतात. म्हणून मूळच्या आखूड बोल्टांचा संच डिकीत कायम ठेवावा.

चौथी कसोटी : रुंदी आणि ऑफसेट

सर्वाधिक फसगत येथे होते. चाक हबला ज्या पृष्ठभागावर टेकते, तो पृष्ठभाग चाकाच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर बाहेर आहे, हे सांगणारा आकडा म्हणजे ऑफसेट. चाकाच्या मागे तो 'ईटी' या अक्षरांपुढे कोरलेला असतो. आकडा जितका मोठा, तितके चाक गाडीच्या आत सरकते. आकडा लहान झाला, की चाक बाहेर येते.

'डब्ल्यू १२४'च्या साडेसहा इंची मूळ चाकाचा ईटी ४८ किंवा ४९ आहे. ४८ धरल्यास हबपासून बाहेरची कड सुमारे ३५ मिलिमीटरवर आणि आतली कड सुमारे १३१ मिलिमीटरवर येते. आता तीन पर्याय ताडून पाहता येतील.

सात इंच रुंद, ईटी ३७ : हे माप मर्सिडीजच्या १९९० च्या दशकातील 'सी क्लास'च्या सोळा इंची चाकांत आढळते. बाहेरची कड मूळपेक्षा १७ मिलिमीटर बाहेर येते आणि आतली उलट साडेचार मिलिमीटरने सस्पेन्शनपासून दूर जाते.

साडेसात इंच रुंद, ईटी ४१ : हे 'डब्ल्यू १२४'ची वारसदार असलेल्या गोल दिव्यांच्या 'डब्ल्यू २१०' या 'ई क्लास'च्या सोळा इंची चाकांचे माप. ही गाडीही भारतात जोडली गेली. बाहेरची कड सुमारे २० मिलिमीटर बाहेर आणि आतली सुमारे ६ मिलिमीटर आत येते.

आठ इंच रुंद, ईटी ३४ : हे खुद्द 'डब्ल्यू १२४'च्या 'ई ५००' या बलाढ्य मॉडेलचे सोळा इंची चाक. साहजिकच अनेकांना ते आपल्या 'ई २२०'ला हवेसे वाटते. पण हिशेब केल्यास बाहेरची कड मूळपेक्षा तब्बल ३३ मिलिमीटर पुढे येते. 'ई ५००'च्या विकासात पोर्शे कंपनीचा सहभाग होता आणि तिचे मडगार्ड मुळातच फुगीर बनवलेले होते. साध्या मॉडेलची मडगार्ड तशी नाहीत. शिवाय तिचा २२५/५५ टायर मूळ टायरपेक्षा उंचही आहे. एकाच मालिकेतील चाकसुद्धा डोळे झाकून घेता येत नाही, ते यामुळे.

मागच्या चाकाच्या वरची मडगार्डची दुमडलेली कड ही या गाडीतील नाजूक जागा आहे. चार प्रवासी, भरलेली डिकी आणि पुढे गतिरोधक, अशा वेळी रुंद टायर तेथे घासण्याची शक्यता असते. ती कड ठोकून चपटी करून देणारे भेटतात. मात्र तेथील रंग तडकला, की गंज धरायला वेळ लागत नाही.

शोध कोठे घ्यावा?

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि ऑपेरा हाऊसचा परिसर, पुण्यात नाना पेठ ही गाड्यांच्या सुट्या भागांची जुनी ठिकाणे. अपघातात बाद झालेल्या मर्सिडीजची चाके, अठरा इंची नव्या गाड्यांवरून उतरवलेले सेट, तसेच नवीकोरी अलॉय चाकेही अशा बाजारांतून फिरत असतात. जाताना वर सांगितलेली मापे कागदावर लिहून न्यावीत आणि दुकानदाराच्या सांगण्यापेक्षा चाकाच्या मागे कोरलेल्या अक्षरांवर विसंबावे. मर्सिडीजच्या मूळ चाकावर भाग क्रमांक, रुंदी, व्यास आणि ईटी स्पष्ट असतात. '७½ जे × १६ एच २ ईटी ४१' अशी नोंद दिसली, की रुंदी साडेसात इंच, व्यास सोळा इंच आणि ऑफसेट ४१ हे समजावे. 'एच २' म्हणजे टायर जागेवर धरून ठेवणारे रिमवरील दोन उंचवटे. जपानी बनावटीच्या चाकांवर 'जेडब्ल्यूएल' ही खूण असते. कोणतीही खूण, माप किंवा निर्मात्याचे नाव नसलेले चाक कितीही देखणे असले, तरी घेऊ नये.

जुने चाक घेताना आतली कड बोटाने चाचपून पाहावी. खड्ड्यात आपटलेली रिम बहुधा आतून वाकते आणि बाहेरून नवी दिसते. चाक बॅलन्सिंगच्या यंत्रावर टायरविना फिरवून पाहिल्यास डगमग लगेच कळते. वेल्डिंगने सांधलेले किंवा ताज्या जाड रंगाने झाकलेले अलॉय चाक नाकारावे. टायरच्या कडेवरील चार आकडी संख्येवरून त्याचे वय कळते. '२३२४' म्हणजे २०२४ मधील तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. नक्षी शाबूत असली तरी रबर वयानुसार कडक होते. भारतात विकल्या जाणाऱ्या मोटारींच्या नव्या टायरवर आयएसआय चिन्ह असणे २०११ पासून सक्तीचे आहे, हेही पाहावे.

बसवताना आणि बसवल्यावर

संपूर्ण सेटचे पैसे देण्यापूर्वी एक चाक पुढे आणि एक मागे बसवून पाहण्याची मुभा मागावी. सुकाणू दोन्ही टोकांपर्यंत वळवून चाक आत कोठे टेकते का, ते पाहावे. मडगार्डच्या आतल्या कडेला खडू फासून, मागे तीन माणसे बसवून, गतिरोधकावरून हळू फेरी मारावी. खडू टायरवर उमटला, तर ते माप या गाडीचे नाही.

बोल्ट प्रथम हाताने फिरवावेत. किमान सहा-सात वेढे विनासायास गेले पाहिजेत. नंतर ते समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने ११० न्यूटन-मीटरपर्यंत आवळावेत. हवेच्या बंदुकीने थेट आवळण्यास मनाई करावी. पन्नास ते शंभर किलोमीटर धावल्यानंतर ते पुन्हा तपासावेत. चाक बाहेर आणण्यासाठी हब आणि चाक यांच्यात घातली जाणारी स्पेसरची चकती टाळलेली बरी. योग्य ऑफसेटचे चाक मिळाले, तर तिची गरजच उरत नाही.

अलाइनमेंट नव्याने करून घ्यावे. हवेचा मूळ दाब पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या तक्त्यावर दिलेला असतो; मात्र तो तेथे नमूद केलेल्या मापांपुरताच आहे. वेगळे माप घेतल्यास टायर कंपनीच्या तक्त्यानुसार दाब ठरवावा. स्टेपनी जुन्या मापाची ठेवायची असेल, तर तिचा व्यास नव्या चाकांशी जुळणारा हवा. २०५/५५ आर १६ किंवा २२५/४५ आर १७ घेतल्यास पंधरा इंची मूळ स्टेपनी तात्पुरती वापरता येते, हा या मापांचा आणखी एक लाभ.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यात आलेल्या कलम १८२-अ नुसार, परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

कंपनीने त्या मॉडेलसाठी मान्य केलेले माप घेणे म्हणूनच सर्वांत सुरक्षित. त्यापलीकडे जायचे असल्यास आरटीओकडे आधी लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे. पंधरा वर्षे उलटलेल्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि त्या वेळी गाडी तपासली जाते. मडगार्डबाहेर डोकावणारी चाके त्या वेळी पहिल्यांदा नजरेत भरतात. मूळची चार चाके विकून टाकू नयेत, हा जाणत्यांचा सल्ला त्यासाठीच.

किती मोठे पुरे?

कागदावर अठरा इंची चाकही व्यासात बसते. प्रश्न उरतो तो रबराच्या भिंतीचा. मूळ टायरची १२७ मिलिमीटरची भिंत पावसाळ्यातील खड्ड्यांचे धक्के स्वतः सोसते. सोळा इंचांत ती ११३ होते. धक्का किंचित जाणवतो, पण वळणावर गाडी अधिक ठाम राहते. सतरा इंचांत १०१ आणि अठरा इंचांत अवघी ९० मिलिमीटर भिंत उरते. मग एकच खोल खड्डा रिम वाकवण्यास किंवा टायरला फुगा आणण्यास पुरेसा ठरतो. मोठी अलॉय चाके बहुधा जडही असतात. हे वजन स्प्रिंगच्या खालचे असल्याने त्याचा भार पंचविशी ओलांडलेल्या सस्पेन्शनच्या रबरी बुशांवर आणि बॉल जॉइंटवर पडतो. ज्या गाडीची ख्याती तिच्या शांत, गादीसारख्या चालीसाठी आहे, तिची तीच ओळख हरवते.

सारांश, शहरी रस्त्यांवर रोज फिरणाऱ्या 'डब्ल्यू १२४'साठी सात किंवा साडेसात इंच रुंदीची, ईटी ३७ ते ४१ दरम्यानची मर्सिडीजचीच सोळा इंची चाके आणि त्यांवर २०५/५५ मापाचा टायर हा सर्वांत समतोल पर्याय ठरतो. सतरा इंची चाके गुळगुळीत रस्त्यांवर, कधीमधी बाहेर काढायच्या गाडीला शोभतील. त्यापुढे जाणे म्हणजे केवळ दिखाव्याचे मोल मोजणे. आणि पंधरा इंची 'गटाराची झाकणे' अजून सरळ असतील, तर १९५/६५ आर १५ हे माप आजही बाजारात सहज मिळते, हेही विसरू नये.

खरेदीला जाताना जवळ ठेवावी अशी मापे (डब्ल्यू १२४, सर्वसाधारण मॉडेल)

बोल्ट : ५, पीसीडी : ११२ मि.मी.
मधले छिद्र : ६६.६ मि.मी.
बोल्टची जाडी व आटा : १२ × १.५ मि.मी., गोल बैठक
आवळण्याचा जोर : ११० न्यूटन-मीटर
मूळ रिम : साडेसहा इंच × १५, ईटी ४८ किंवा ४९
मूळ टायर : १९५/६५ आर १५, भारनिर्देशांक ९१
टायरसह व्यास : सुमारे ६३४ मि.मी. (फरक दोन टक्क्यांच्या आत)